खाटेवरच्या आईची कूस कोण बदलतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की कोकणातल्या तालमींच्या जागी एक खाट हमखास येऊन पडते. खाटेवर आई, उशाशी सलाईन, दारात झोकांड्या खाणारा मुलगा. हल्ली स्वतःच पैसे उभे करून छोटे चित्रपट काढणारी आपल्याकडची मुलंही या विषयाकडे वळली आहेत. विषय चांगलाच आहे. वाडीवाडीत असं एखादं घर असतं: थोरला मुंबईला, बहीण सासरी, आणि ज्याचं कुठेच काही धड झालं नाही असा धाकटा आईपाशी. तक्रार आहे ती खाटेवर जे दाखवतात त्याबद्दल. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि ती चूक नाट्यगृहात राहत नाही. आम्ही गंभीर आजाऱ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारे आहोत. शेवटच्या दिवसांत घरची माणसं जे करतात त्यातलं बरंच त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं.

आधी शेवटचा प्रवेशच घेऊ. आई डोळे उघडते, मुलाचा हात हातात घेते, पाच-सात वाक्यांत सगळा हिशेब चुकता करते आणि मान टाकते. कर्करोगानं किंवा मूत्रपिंडं निकामी होऊन झिजलेलं माणूस असं जात नाही. शेवटचे एक-दोन दिवस बहुधा बोलणं थांबलेलं असतं. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नाही. पाय गुडघ्यापर्यंत गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते, लघवी कमी होत जाते आणि गडद होते. श्वास पाच-सहा वेळा भराभर चालतो, मग थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. पाहणाऱ्याला वाटतं संपलं, आणि तेवढ्यात पुन्हा सुरू होतो. असं रात्रभर चालू शकतं. घशात घरघर होते, कारण साचलेली थुंकी गिळायची ताकद राहिलेली नसते. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, आईला स्वतःला बहुधा तिचा त्रास होत नसतो. तिला एका कुशीवर वळवून डोकं किंचित खाली केलं की घरघर कमी होते. डॉक्टर त्यासाठी औषधही देतात. थुंकी ओढून काढणारी सक्शनची नळी घशात खोल घालणं हा मात्र निव्वळ छळ.

तिला ऐकू येत असणार असं धरूनच बोलत राहावं. आता नाटककारानं ठरवावं की पाच वाक्यं आईच्या तोंडी घालायची, की ती मुलाला बोलायला लावायची आणि उत्तराऐवजी प्रेक्षकांना वीस सेकंदांचा खंड ऐकवायचा.

यातलीच सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे पाणी. रंगमंचावर मुलगा भांड्यातून गंगाजळ तोंडात ओततो आणि आई ते घोटघोट गिळते. शुद्ध हरपलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया बंद पडलेली असते. ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं, ठसका देण्याइतकं बळ नसतं, आणि शेवटचे तास गुदमरण्यात जातात. तुळशीचं पान ओठांवर ठेवा, कापसाचा बोळा गंगाजळात भिजवून पिळा आणि ओठ, जीभ ओली करा. धर्म तेवढ्यानं सांभाळला जातो. एरवीही दर दोन-तीन तासांनी तोंड पुसायचं असतं: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा, बोटाला मऊ कापड गुंडाळून हिरड्या, गालांच्या आतली बाजू आणि जीभ. मग ओठांना खोबरेल. पाच मिनिटांचं हे काम एकाही संहितेत का नसावं? मुलाचं बोट आईच्या तोंडात आहे, याहून जवळची जागा कुठली?

भरवणंही तसंच. उकड्या तांदळाची पेज पातळ असते म्हणून सोपी वाटते, पण गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला पातळ पदार्थच जास्त ठसकवतात. नाचणीचं सत्त्व दाटसर शिजवून, अर्धा-अर्धा चमचा, बसतं करून, हनुवटी छातीकडे झुकवून द्यावं. मान मागे टाकून ओतू नये. घास गेल्यावर आवाज ओला, गुरगुरता आला तर थांबावं, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये. तोंड आलेलं असेल तर सोलकढी नको, आंबट झोंबतं. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं आणतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या बाईला शहाळ्यातलं पोटॅशियम थेट हृदयावर भारी पडू शकतं. शेवटच्या आठवड्यात तिनं खाणंच सोडलं तर न खाल्ल्यामुळे ती जात नसते; जायला लागली आहे म्हणून खाणं सुटतं. हे मुलाला पटायला चार-पाच दिवस लागतात, आणि त्या चार-पाच दिवसांत ताटावरून जी भांडणं होतात ती लिहिण्यासारखी असतात.

नेपथ्यातल्या चुका झटपट सांगतो. घरी टिकटिकणारा मॉनिटर नसतो. लघवीची पिशवी खाटेच्या कठड्याला, मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर अडकवायची असते, आणि ती जमिनीलाही टेकता कामा नये. आम्ही ती सलाईनच्या शेजारी वर टांगलेली पाहिली आहे. तशी टांगली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते, जंतूंसकट. प्रत्यक्षात वारंवार घडतं ते वेगळंच: नळी मांडीखाली दबते, पिशवी रिकामी राहते, मूत्राशय तट्ट भरतं, आणि आई चादर ओढायला, उठून बसायला, ओरडायला लागते. घरचे म्हणतात, घटका भरली, किंवा कोणी बाहेरचं म्हणून कौल लावायला धावतं. आधी नळी पाहा, पोटाचा खालचा भाग हातानं चाचपा, शौचाला कधी झाली होती ते आठवा. तुंबलेली लघवी आणि कोंडलेलं पोट एवढ्यानंच अनेकदा ती तडफड होत असते.

आता कूस. नाटकात आई तासभर उताणी पडून असते, ते चालेल. घरी ती तशी राहिली तर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते आणि आठवडाभरात तिथे मूठ जाईल असा खड्डा पडू शकतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री हवेच्या गादीवर, कातडी लाल होत नसेल तर, चार तास चालतं. वळवल्यानं दुखत असेल तर वेदनेची गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. कसं वळवायचं ते असं: जिकडे वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. तिचा पलीकडचा हात छातीवर, पलीकडचा गुडघा वाकवलेला. एक हात तिच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर, आणि आपल्याकडे लोटत आणायचं. हात-पाय धरून ओढायचं नाही. पूर्ण कुशीवर न करता पाठीशी उशी देऊन तीसेक अंशांवर कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्याचं हाडही दबत नाही. एक उशी दोन गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी. खालचा खांदा थोडा पुढे काढायचा. आणि चादरीची सुरकुती हातानं सपाट करायची, कारण रात्रभरात तीही कातडी कापते.

वर सरकवायचं असेल तर जुनं नऊवारी लुगडं चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आधीच घालून ठेवावं आणि दोघांनी दोन टोकं धरून उचलावं. फरफटत ओढलं की सुती कापडसुद्धा म्हाताऱ्या कातडीची साल काढतं. लाल डागावर बोट दाबून पाहायचं. दाबल्यावर फिका पडत नसेल तर जखम आतून सुरू झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हाताला लागतो. त्या जागी चोळायचं नाही, तेलानंसुद्धा नाही, आणि रबरी रिंगही घालायची नाही. रिंगच्या कडेनं रक्त आणखी अडतं.

हवेच्या गादीबद्दल चित्रपटवाल्यांना खास सांगायचं आहे, कारण ध्वनीचं काम तेच करतात. तिचा पंप पायाकडे टांगलेला असतो आणि रात्रंदिवस बारीक घरघरतो. घरची माणसं दोन दिवसांत तो आवाज ऐकेनाशी होतात. पावसाळ्यात वीज गेली की तो थांबतो, आणि त्या शांततेनं मुलाला जाग येते. गादी हळूहळू बसायला लागते. अशा वेळी पाइप पंपापासून काढून त्यांची तोंडं दुमडून घट्ट बांधायची, म्हणजे हवा लगेच जात नाही. तरीही ती रात्र दर दोन तासांनी उठायचं. वीज असताना होणाऱ्या चुका दोन. पंपाचं बटण वजनाप्रमाणे ठेवायचं असतं, पण जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं असं वाटून ते शेवटपर्यंत फिरवतात आणि गादी फळीसारखी होते. दुसरी, थंडी वाजेल म्हणून वर जाड गोधडी घालतात. मग गादी असून नसल्यासारखी. गादीखाली हात घालून पाहावं: माकडहाडाच्या खाली इंचभर तरी हवेची जाडी हाताला लागायला हवी. पाइप उंदीर कुरतडतात, हेही लक्षात असू द्या.

दुर्गंधीचं काय? मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, तोंडाच्या कर्करोगाची जखम गालातून बाहेर येते आणि वास पडवीपर्यंत पोचतो. शेजारी येईनासे होतात. नाटकात शेजारी येत नाहीत ते मुलगा दारूडा म्हणून; इथे कारण साधं नाकाचं असतं. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरवली की दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ उतरतो. जुनी पट्टी सुकी खेचायची नाही, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवायची, नाहीतर रक्त येतं. अळ्या पडल्या तर मात्र परिचारिकेलाच बोलवावं.

या सगळ्यापेक्षा अवघड जे आहे ते आम्हाला अजून एकाही प्रयोगात दिसलं नाही. मुलानं आईचं अंग पुसायचं. मुलाला हे करू द्यायला लागू नये म्हणून आया काय करतात? पाणी पिणं बंद करतात. लघवी धरून ठेवतात. मग लघवीला जंतुसंसर्ग, ताप, बरळणं, बद्धकोष्ठ. घरचे म्हणतात आजार वाढला. आजार होता तेवढाच असतो, आई लाजत असते. शेजारची काकू किंवा वाडीतली कोणी बाई सकाळी अर्धा तास येणार असेल तर उत्तम. नसेल तर रीत अशी: गाऊन पाठीमागून गळ्यापासून खालपर्यंत कापायचा, म्हणजे हात बाह्यांत घातले की पुढून झाकलेलं राहतं आणि उठवावं लागत नाही. वर चादर. एका वेळी एकच भाग उघडा करायचा, पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा. तोंड, हात, छाती, पाय. मग पाणी बदलून शेवटी लाजेची जागा, पुढून मागे, कधीही उलट नाही. तेवढा वेळ हात चादरीखाली आणि नजर आईच्या तोंडाकडे. आणि आधी सांगायचं, «आये, आता कूस बदलतंय हां.» न सांगता हात लावू नये, ती झोपेत असली तरीही. वर्षानुवर्षं जो मुलगा आईच्या नजरेला नजर देत नव्हता त्याला आता दिवसातून दोनदा तिच्याकडे बघतच काम करायचं आहे. याला संवाद लागतील का, हे दिग्दर्शकानं पाहावं.

आता मुलाकडे येतो. एका प्रवेशात तो बाटली फोडतो, पुढच्या प्रवेशात हसतमुखानं आईला भरवतो. ज्यानं वर्षानुवर्षं रोज दारू घेतली आहे त्यानं ती एका रात्रीत सोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, पोटात काही ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होतो, भिंतीवर माणसं दिसतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस मरतो. म्हणजे आईची शपथ घेऊन दारू सोडणारा मुलगा तिसऱ्या रात्री आईलाच ओळखत नाही, असं खरोखर होऊ शकतं. थरथरत्या हातात चमचा धरता येत नाही. अशा सकाळी भरवायला दुसरं माणूस लागतं. सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली: उतरत्या मात्रेच्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्व, आणि चार-पाच दिवस आईकडे पाहणारं कोणीतरी. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं. आई असेपर्यंत त्याला दारू सोडणं जमलं नाही तरी तो कामाचा असतो. दुपारपर्यंत शुद्धीत असणाऱ्या मुलाला सकाळची कामं द्यावीत, रात्रीची दुसऱ्याला. त्याला घराबाहेर काढलं तर आईला वळवायला अनेकदा कोणीच उरत नाही.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, नाटकात इंजेक्शन म्हणून येतं आणि दिल्याबरोबर आई जाते. घरी मॉर्फिन बहुधा तोंडानं, दहा मिलिग्रॅमच्या गोळीनं सुरू असतं. परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळावर द्यायचं. नमुन्यादाखल, मात्रा दर खेपेला एक गोळी अशी ठरली असेल तर सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मात्रा डॉक्टरच ठरवतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग ती सरते. बद्धकोष्ठ मात्र सरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाची गोळी हवीच. ती चुकली की आठवड्यात आई म्हणते, हे औषध नको, आणि दोष मॉर्फिनवर येतो. मूत्रपिंडं निकामी असतील तर मॉर्फिन अंगात साचतं, हातपाय झटके देतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरला सांगायचं. जागं केल्यावरही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठाच्या खाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही मात्रा जास्त झाल्याची खूण.

आणि इथे नाटककाराच्या हातात आयतं मिळतं. दिवसाला सहा गोळ्या, म्हणजे चौदा दिवसांच्या ८४. व्यसन असलेल्या मुलाच्या घरात त्या ठेवायच्या कशा? आमची पद्धत ही: कुलपाची पेटी, किल्ली शेजारी विश्वासाच्या माणसाकडे, मुलाच्या हाती फक्त त्या दिवसाच्या सहा. वहीत वेळ आणि सही. रिकाम्या पट्ट्या टाकायच्या नाहीत, पुढच्या खेपेला मोजून परत. डॉक्टरपासून मुलाचं व्यसन लपवायचं नाही. कळलं तर ते औषध बंद करत नाहीत, चौदा दिवसांऐवजी सात दिवसांचं देतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं बरंच सोपं झालं आहे, तरी ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही आणि आमच्या भागातून त्यासाठी लांबचा प्रवास पडतो. वहीत सहा गोळ्यांचा हिशेब लागत नाही, आईला वेदना होताहेत, आणि खोलीत मुलगा एकटाच आहे: या प्रसंगाला बाटली फोडायची गरज नाही.

मग मुंबईचा भाऊ येतो. चार दिवसांची रजा काढून, गणपतीला किंवा मधेच. येताच त्याला आईची हाडं दिसतात आणि तो म्हणतो, निदान सलाईन तरी लावा. शेवटच्या दिवसांत सलाईनचं पाणी शरीर वापरू शकत नाही. ते पायांत आणि फुप्फुसांत उतरतं आणि घरघर वाढते. मग तो म्हणतो, मुंबईला नेऊ. घर डोंगराच्या कुशीत, रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या, आईला खुर्चीला बांधून चौघांनी उतरवायची, पुढे घाट. धाकटा आठवडेच्या आठवडे कूस बदलत आलेला, पण व्यसनी म्हणून त्याचं मत कोणी विचारत नाही. आईनं शुद्धीत असताना काय हवं ते लिहून ठेवलं असतं तर? सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी अशा लेखी इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. गावात हे कोणी करत नाही, खरं आहे. पण आरोग्यसेविका आणि शेजारी यांच्यासमोर आईनं नुसतं बोलून ठेवलं तरी त्या चार दिवसांत धाकट्याच्या मागे कोणीतरी उभं राहतं.

प्राण गेल्यावर नाटकात पडदा पडतो. घरी त्यानंतर तासभर काम असतं. डोळे मिटवून पापण्यांवर ओला बोळा, हनुवटीखाली गुंडाळलेला पंचा, हातपाय ताठण्याआधी सरळ. लघवीची नळी परिचारिकेनं काढायची, ओढायची नाही. आत फुगा असतो, त्यातलं पाणी आधी सिरिंजनं काढावं लागतं. देह रुग्णालयात न्यायची गरज नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं ४-अ नमुन्यात मृत्यूचं कारण लिहून द्यायचं आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची. आजाराचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत एका ठिकाणी असले तर त्या रात्री शोधाशोध होत नाही. आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, वहीसकट, जिथून आणल्या तिथे परत. ती वही द्यायला बहुतेक धाकटाच जातो.

तालमीसाठी लघवीची पिशवी आणि नळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. हवेची गादी विकत घेऊ नका, भाड्यानं मिळते; पंपाचा आवाज मात्र रात्री, पंखा बंद करून, खऱ्या खोलीत ध्वनिमुद्रित करा. आईचं काम करणाऱ्या नटीला वळवायला ज्याला तालमीत घेणार त्याला आधी दोन उशा आणि एक लुगडं घेऊन आठ दिवस सराव करू द्या. नटीची पाठ दुखली नाही आणि त्याची दुखली, तर तो चुकीचा वाकतोय: गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही.

आपले,
घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व स्वयंसेवक,
जि. रत्नागिरी